जानेवारीचा रूळ

इंजिन नको, डबा नको, म्हणाला इनास कार्दोज,
फक्त रूळ कर. हातभर.
कुडचड्याच्या माझ्या दुकानात, तराजूशेजारी,
वर्तमानपत्राच्या घडीतून त्यानं काढून ठेवली
एक जुनी जोडपट्टी, चार भोकांची.
काचेखालचे मणी हादरले.

"काले ते कुळें. मीटरगेज.
एकतीस वर्षं खांद्यावर हातोडा घेऊन चाललो मी.
आता ते कोण चालणार? तू बसून मोज."

मोजलं. सगळं सत्त्याऐंशीनं भागलं.
मीटरभर रुंदीचे साडेअकरा मिलिमीटर झाले,
जोडपट्टी जिऱ्याएवढी,
नट खसखशीच्या दाण्याहून बारीक.
जंतराला नवं भोक पाडलं:
वर डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली पसरट पाय,
आणि जर्मन सिल्व्हरची तार त्यातून ओढली
तेव्हा बाहेर आला
बोटभर, मग वीतभर, खरोखरचा रूळ.
मी त्याला उगाचच अंगठ्यावर ठेवून पाहिलं.

पहिला सांधा बापानं शिकवला तसा केला.
टाकणखार, फुंकणी, डाख पाण्यासारखा धावला.
नख फिरवलं तरी अडेना.
इनासनं भिंग लावलं, खूप वेळ लावलं.
"सांदो खंय?"

चाळीस वर्षं मी सांधे लपवायचे पैसे घेतले.
बाईनं पाटली उलटसुलट करून पाहावी
आणि काहीच सापडू नये,
ही माझी मजुरी.
आता हा म्हातारा म्हणतो, दाखव.
रूळ तुटलेलाच असतो, म्हणतो,
तुटून शेजारी शेजारी राहतो, एवढंच.

दोन्ही तुकडे पुन्हा कापले.
मधे फट किती?
त्यावर तो मलाच विचारतो,
"कुठल्या महिन्याचा रूळ करतोयस?"

मला वाटलं चेष्टा.
"मे महिन्यात दुपारी सुरी शिरत नाही.
थंडीत पहाटे करंगळीचं नख जातं.
महिना सांग, मग फट सांगतो."
पण सांगायचं तर त्यानंच होतं.
चहावर साय धरली.
पलीकडे खनिजाचे ट्रक गेले, एक, दोन, पाच.
"जानेवारी," म्हणाला. "साडेसहा. धुकं."
का, ते मी विचारलं नाही.

सहा मिलिमीटर भागिले सत्त्याऐंशी.
एवढी पातळ पट्टी माझ्याकडे नव्हती.
आत जाऊन बायकोच्या कंगव्यातला एक केस आणला,
दोन रुळांच्या मधे उभा धरला.
पट्टीची एक बाजू डाखली,
दुसरी मोकळी, रुळाला सरकायला.
मग केस ओढून घेतला, हलकेच,
दुधातून ओढतात तसा.

स्लीपर पत्र्याचे, दाबून.
चाव्या आलटून पालटून,
एक घाटाकडे तोंड करून, एक वास्कोकडे,
कारण मार्ग एकेरी, गाडी दोन्हीकडून येणार.
(कुठली गाडी? पण ठोकल्या.)
गटाराच्या कडेची लाल धूळ गोंदात कालवून
बाजूंना लावली,
लोखंडाला लोखंडाचीच माती.
डोकं तेवढं घासून लख्ख ठेवलं.
चाकं पुसत असतात म्हणून.

तो आला तेव्हा वाकला नाही. गुडघ्यावर बसला.
गाल काउंटरला टेकवून, एक डोळा मिटून
रुळाच्या टोकापासून टोकापर्यंत बघत राहिला.
गिऱ्हाईक उभं होतं, कानातल्याचा फिरकीचा स्क्रू घेऊन.
मग खिशातून नाणं काढलं,
उभं धरून रुळावरून हळू ढकलत नेलं.
"वाजला."
मला काही ऐकू आलं नाही,
आणि ऐकू कमी येतं ते त्याला.

"सातवी चावी सैल आहे."
भिंगातून पाहिलं. होती.
मी फुंकणी उचलली, त्यानं मनगट धरलं.
"डाख नको. उद्या मी ठोकीन."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो दहाला.
समोरचा चहावाला म्हणाला,
तो म्हातारा सकाळी साडेसहाला आला होता,
शटरशी उभा राहिला थोडा वेळ,
हातात एवढासा हातोडा.